आधी २१३६ कांजी का आधी बारा माणसं? चोपड्याच्या भाऊला उत्तर

पत्र असं आहे, थोडं आटोपतं करून देतेय (हिरागाना आणि काताकाना म्हणजे जपानीच्या उच्चार दाखवणाऱ्या दोन अक्षरमाला, कांजी म्हणजे अर्थ दाखवणारी चिन्हं, आणि एन४ म्हणजे जेएलपीटी ह्या जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पायरी):

"ताई, मी चोपडा तालुक्यातला, वय २६. जळगावात बीसीए केलं, मग पुण्यात नोकरी करता करता जपानी शिकलो, एन४ पास आहे. वडिलांची तब्येत बिघडली म्हणून घरी आलो, आता घरूनच कंपनीचं काम करतो आणि सकाळी केळीचं वावर बघतो. रात्री बसून मराठीतून जपानी अक्षरं शिकवणारं मोबाइल ॲप बनवतोय. हिरागाना-काताकाना झालं, कांजी ३१२ पर्यंत आलोय. सगळ्या २१३६ झाल्याशिवाय प्ले स्टोअरवर टाकायचं नाही असं ठरवलं होतं, पण दीड वर्ष झालं आणि आता दम संपला. त्यात गूगल १२ टेस्टर मागतंय, ते टेलिग्रामवर पैसे देऊन मिळतात म्हणे. उच्चार इंग्रजी अक्षरांत देऊ का देवनागरीत? फुकट ठेवू का पैसे लावू? वडील विचारतात ह्यातून काय मिळणार. टाकू का सोडून देऊ?"

भाऊ, सोडू नकोस. हे पहिल्या ओळीतच सांगून टाकते म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. पण २१३६ चा हट्ट मात्र आजच्या आज सोड, कारण तुझा दम त्यानेच काढलाय.

तो आकडा कुठून आला ते तुला माहितीये, जपान सरकारची रोजच्या वापरातल्या कांजींची जी यादी आहे, जोयो कांजी, ती २०१० साली सुधारली तेव्हा २१३६ ची झाली, त्याआधी तिच्यात १९४५ कांजी होत्या. पण ती यादी शाळा पूर्ण शिकून मोठ्या झालेल्या जपानी माणसाची आहे रे. तिथलं पोरगं पहिलीत फक्त ८० कांजी शिकतं. प्राथमिकच्या सहा वर्षांत मिळून १०२६. घरात जपानी, रस्त्यावर जपानी, टीव्हीवर जपानी, तरी सहा वर्षं. आणि तू सकाळी केळीला पाणी, दिवसा कंपनीचं काम आणि रात्री साडेदहानंतर एकट्याने प्रत्येक कांजीचा अर्थ, दोन्ही तऱ्हेची वाचनं (चिनी मुळाचं आणि अस्सल जपानी), उदाहरणाचे शब्द, रेघांचा क्रम तपासून २१३६ टाकणार, तेही एकही माणूस वापरत नसताना. दमणारच ना भो.

आता तुझं ॲप कोण उघडणार ते डोळ्यासमोर आण. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात हल्ली जपानी शिकणारी पोरं कोण आहेत, तर आयटीआय झालेली, नर्सिंगच्या मुली, डिप्लोमावाले. जपानने २०१९ च्या एप्रिलपासून बाहेरच्या कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला, २०२१ च्या जानेवारीत भारताशी त्याचा करार झाला, आणि त्या व्हिसाला भाषेची अट म्हणजे जेएलपीटीची एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा. ही पोरं अडतात कुठे? दोन हजाराव्या कांजीवर नाही अडत, ती दुसऱ्या आठवड्यात काताकानावर अडतात आणि क्लास सोडतात. त्यांना पहिल्या दीडशे-दोनशे अक्षरांतून हात धरून कोणी पार नेलं तर हवंय.

म्हणून पहिल्या आवृत्तीत काय, तर हिरागानाची मूळ ४६, काताकानाची ४६, त्यांची टिंब-टोपीवाली आणि जोडाक्षरांसारखी रूपं, आणि पहिलीच्या ८० कांजी. बास. तुझ्या बाकीच्या कांजी वाया गेल्या नाहीत, त्या कपाटात ठेव आणि दर महिन्याला चाळीस-चाळीस सोड. लोकांना दर महिन्याला नवीन काही दिसेल आणि पहिल्यांची चूक सापडली तर पुढच्या चाळिसांत ती होणार नाही. एक मात्र बघ, त्या चाळिसांच्या गठ्ठ्यावर 'एन५ ची अधिकृत यादी' असलं काही लिहू नकोस. २०१० ला परीक्षा बदलून एन१ ते एन५ झाली तेव्हापासून कांजीची अधिकृत यादी जाहीरच होत नाही, बाजारात फिरतात त्या सगळ्या अंदाजाच्या.

आता उच्चाराचा प्रश्न. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या मते तुझ्या सगळ्या ॲपचा जीव ह्यात आहे, आणि तू तो प्रश्न पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलायस.

इंग्रजी अक्षरं अजिबात नकोत. देवनागरीच. इंग्रजीतून जपानी शिकवणारी ॲप ढिगाने आहेत, त्यांच्याशी तू कांजींच्या संख्येत कधीच जिंकणार नाहीस, आणि गरजही नाही, कारण तुझ्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. जपानी अक्षरांचा क्रम बघ: अ इ उ ए ओ, मग क ची ओळ, स ची, त ची, न ची, ह ची, म ची, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? वाटणारच, आपल्या बाराखडीचाच सांगाडा आहे तो. बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपी शिकायचे, मंत्रांसाठी, आणि सिद्धम् म्हणजे आपल्या देवनागरीच्या घराण्यातली, त्या अभ्यासातून हा क्रम तिकडे बसला. च च्या जागी स आहे आणि प च्या जागी ह आहे, कारण जुन्या जपानीत त्या ह चा उच्चार प होता. म्हणून तर आजही ह च्या अक्षरावर बारीक गोल काढला की त्याचा प होतो. आणि दोन छोट्या तिरक्या रेघा दिल्या की क चा ग, त चा द. अघोष आणि घोष, शाळेत व्याकरणाच्या तासाला घोकलेलं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ते सगळं पाठ करावं लागतं आणि आपल्या पाचवीच्या पोराला ते येतंच असतं, फक्त त्याला कोणी सांगत नाही की तुला येतंय.

ॲपचा पहिलाच स्क्रीन ह्याचा कर. वर आपली वर्णमाला, खाली त्यांची, ओळीला ओळ जुळवून.

मग ते बदनाम 'त्सु'. इंग्रजीवाल्यांची जीभ वळत नाही आणि हिंदीवाल्यांनाही त्रास होतो, पण मराठीत तो आवाज रोज आहे. चुलीतला च. चमच्यातला च. आणि 'चि' म्हणजे चिंचेतला च. आपण मराठीत इ आली की चिंचेचा च म्हणतो आणि उ आली की बहुतेक वेळा चुलीचा, जपानीच्या त च्या ओळीत नेमकं तेच होतं, चि आणि त्सु. तसंच ज चं, जिऱ्यातला ज वेगळा आणि जुन्या घरातला ज वेगळा. हे मी पुण्यात शिकत असताना मला कोणी सांगितलं नव्हतं, मी दोन महिने 'त सु' असं तोडून म्हणत होते, आणि एका रात्री भाकरी टाकताना चूल शब्द मनात आला आणि मी तव्यापुढेच उभी राहून दहा वेळा म्हणून बघितलं. असे शब्द तुझ्या ॲपमध्ये घाल. 'इंग्रजी टी आणि एस एकत्र' असं लिहू नकोस, चूल लिही.

शेवटचं अक्षर जे आहे, नुसता न, तो म्हणजे आपला अनुस्वार. वर्तमानपत्राला 'शिंबुन' म्हणतात, तिथे तो म् होतो, जसा आंब्यात होतो. क च्या आधी आला तर अंकातल्यासारखा. मराठी माणसाला नियम सांगायची गरजच नाही, टिंब दे, तो आपोआप बरोबर म्हणेल.

पण देवनागरीत एक खड्डा आहे आणि त्यात तू पडू नयेस. ऱ्हस्व-दीर्घाचा. जपानी 'का' हा आपल्या 'क' सारखा तोकडा पण 'का' सारखा उघडा असतो, आपल्याकडे तसं अक्षर नाही. तू 'का' लिहिलंस की वाचणारा तो लांबवतो, आणि जपानीत लांबी बदलली की अर्थ बदलतो. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, आणि मधला बा एक ठोका जास्त धरला की 'ओबाऽसान' म्हणजे आजी. ऐन चाळिशीतल्या बाईला आजी म्हणून बसेल ना तुझा विद्यार्थी. मी म्हणते अवग्रह वापर, तो ऽ आपल्याला हाक मारताना लिहायची सवय आहेच. आणि त्याबरोबर ठोके दाखव. प्रत्येक अक्षराला एक टाळी, तो शेवटचा न सुद्धा एक पूर्ण टाळी घेतो. ओ-बा-सा-न चार, ओ-बा-ऽ-सा-न पाच. शाळेत वृत्तं शिकताना मात्रा मोजल्या आहेत आपण, लघू एक गुरू दोन, तेच कान इथे लागतात. हायकूचे पाच-सात-पाच हे पण हेच ठोके. स्क्रीनवर अक्षराखाली गोल ठिपके दे आणि आवाजाबरोबर एकेक ठिपका उजळू दे, बाकी काही समजवायला नको.

र आणि ल ला त्यांच्याकडे मिळून एकच, आणि ळ तर नाहीच. पाटील आडनाव काताकानात लिहिलं की 'पाऽतिरु' होतं. अहिराणी बोलणाऱ्या घरात ह्याचं काही वाटणार नाही, आपण केळीला केयी आणि डोळ्याला डोया म्हणतोच की. पण पहिल्या दिवशी शिकणाऱ्याला स्वतःचं नाव काताकानात लिहून दाखवणारं एक छोटं पान ठेव, कारण परदेशी माणसाचं नाव तिकडे काताकानातच लिहितात आणि स्वतःचं नाव पोरगं वहीत वीस वेळा लिहितं, तेवढ्यात त्याची पाच-सहा अक्षरं पक्की झाली. आणि हिरागाना-काताकानाचे दोन्ही तक्ते संपले की देवनागरी उच्चार हळूहळू लपव. कांजीच्या वर उच्चार हिरागानात दे, देवनागरीत नको. नाहीतर पोरं कायम आपल्याच अक्षरांवर रेंगाळतील.

आता फॉन्ट. ही चूक मी स्वतः केलीये म्हणून पोटतिडकीने सांगतेय. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरांना जे क्रमांक देतो त्या यादीत, चिनी आणि जपानी कांजीला बऱ्याच वेळा एकच क्रमांक आहे, आणि फोन मराठी किंवा इंग्रजीवर असेल तर अँड्रॉइड ते अक्षर चिनी वळणाने दाखवू शकतो. आपल्या ल सारखंच समज, मराठीचा पाकळीचा ल आणि हिंदीचा दांडीचा ल, क्रमांक एकच, फॉन्ट बदलला की चेहरा बदलतो. 'सरळ' ह्या अर्थाची कांजी आहे बघ, जपानी वळणात तिच्या डाव्या बाजूने खाली येऊन उजवीकडे वळणारा एक कोपरा असतो, चिनी वळणात तो कोपरा नसतोच, खाली नुसती आडवी रेघ. माझ्या पहिल्या ॲपने सहा महिने ती चिनी वळणाने शिकवली. माझ्या सेन्सेईंनी, म्हणजे जपानीच्या शिक्षकांनी, फोन हातात घेतला, ते अक्षर बोटांनी मोठं केलं, आणि काही न बोलता वहीच्या कोपऱ्यात बरोबर लिहून वही माझ्याकडे सरकवली. तोपर्यंत तीनशेवर लोकांनी ते डाउनलोड केलेलं. तर तू फोनच्या फॉन्टवर अवलंबूनच राहू नकोस, नोटो सान्स जेपी मोफत आहे, ॲपमध्येच घालता येतो, आणि त्यातून फक्त तुला लागणारी अक्षरं कापून घे म्हणजे वजन वाढणार नाही. शिवाय प्रत्येक जपानी मजकुराला भाषा जपानी आहे असं कोडमध्ये लाव. दोन्ही कर. आणि लिहायच्या सरावासाठी त्यांच्या शाळेच्या पुस्तकी वळणाचा फॉन्ट हवा, कारण 'कि' आणि 'सा' छापील फॉन्टमध्ये खालची रेघ जोडलेली दिसते आणि हाताने लिहिताना ती तुटलेली असते, पोरं गोंधळतात.

रेघांचा क्रम तू स्वतः काढत बसला असशील तर थांब. कांजीव्हीजी म्हणून उल्रिख आपेल ह्यांनी सुरू केलेला डेटा आहे, प्रत्येक कांजीची प्रत्येक रेघ क्रमाने, १०९ बाय १०९ च्या चौकटीत. अर्थ-वाचनांसाठी जिम ब्रीन ह्यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या कोशाच्या फाइली आहेत, कांजीडिक आणि जेएमडिक्ट. सगळं मोफत, पैसे घेऊन विकायच्या ॲपमध्येही चालतं, पण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अटीवर: नाव द्यायचं, आणि त्या डेटात बदल करून वाटलास तर तो बदललेला डेटा त्याच अटीवर मोकळा ठेवायचा. म्हणजे त्यांचे इंग्रजी अर्थ तू मराठीत केलेस तर ती मराठी यादी पण मोकळी राहते. राहू दे, चांगलंच आहे, उद्या सोलापूरचा कोणी पोरगा त्यावर पुढे काम करेल. ॲपमध्ये 'आभार' नावाचं एक पान कर आणि तिथे हे सगळं नीट लिही. क्लासच्या पुस्तकातली वाक्यं मात्र उचलू नकोस, ती कुणाच्या तरी मालकीची आहेत. तुला एन४ आहे, साधी वाक्यं तूच लिही, आणि एखाद्या चांगलं जपानी येणाऱ्या माणसाकडून तपासून घे.

रेघ तपासताना हात सैल ठेव. सुरुवात कुठून, शेवट कुठे, दिशा कोणती, क्रम कितवा, एवढं बघ, रेघ थोडी वाकडी गेली तर चूक म्हणू नकोस. काताकानाचे 'शि' आणि 'त्सु' हे तर दिशेनेच वेगळे आहेत: शि च्या दोन छोट्या रेघा एकाखाली एक आणि लांब रेघ खालून वर जाते, त्सु च्या दोन छोट्या रेघा शेजारी शेजारी आणि लांब रेघ वरून खाली येते. नुसतं चित्र दाखवलंस तर शंभरातली नव्वद पोरं महिनाभर चुकतात, बोट फिरवायला लावलंस की दोन दिवसांत सुटतं. कांजीत 'उजवा' आणि 'डावा' बघ, दोन्ही पाच रेघांचे, वरचा भाग दिसायला सारखा, पण उजव्यात तिरकी रेघ आधी आणि डाव्यात आडवी आधी. हे तुझ्या ॲपने बोटाला शिकवायचं. पण ज्याला लिहायचंच नाही त्याला 'पुढे जा' चं बटण दे, कारण जेएलपीटीत हाताने लिहायचा पेपरच नसतो, ओळखायचं असतं.

कोणतं अक्षर किती दिवसांनी परत दाखवायचं ते उजळणीचं गणित साधं ठेव, १९८७ चं एसएम-२ नावाचं गणित आजही चांगलं काम देतं, पण आपल्याकडचं आयुष्य धरून लाव. आखाजीला पोरगी माहेरी गेली, दहा दिवस ॲप उघडलं नाही, परत आली तर समोर '२४० अक्षरं बाकी' दिसलं की ती ॲपच काढून टाकते. थकबाकी कितीही असो, एका दिवशी वीसच्या वर दाखवू नकोस. आणि सगळं नेटशिवाय चाललं पाहिजे, आवाजासकट. अँड्रॉइडचा जपानी आवाज प्रत्येक फोनमध्ये असतोच असं नाही, हिरागाना-काताकानाची अक्षरं मोजकी आहेत, ती कोणाकडून तरी बोलून घे आणि फाइलीच आत ठेव.

आता ते बारा टेस्टर. नियम खरा आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी बंद टेस्ट, म्हणजे निवडक माणसांनाच ॲप देऊन चाचणी, करावी लागते, पहिल्यांदा २० माणसं लागायची, डिसेंबर २०२४ पासून १२ केलीत, आणि ती सलग १४ दिवस टेस्टमध्ये राहिली पाहिजेत. त्यानंतर अर्ज करताना गूगल विचारतं लोकांनी काय सांगितलं आणि तुम्ही काय बदललं. टेलिग्रामवरचे विकतचे बारा तुला काय सांगणार? ते ॲप उघडतील, बंद करतील, तुझे पैसे घेतील. तुला सरकारी शिक्का मिळवल्यासारखं वाटेल, आणि जे खरं कामाचं होतं ते हातातून जाईल.

मी मागे जळगावात नर्सिंगच्या पाच मुलींना माझं ॲप दिलं आणि त्यांच्या होस्टेलच्या पायऱ्यांवर बाजूला बसले. एकीला म्हटलं 'एक' ची कांजी काढ. 'एक' म्हणजे नुसती एक आडवी रेघ, डावीकडून उजवीकडे, त्याहून सोपं काही नाही. तिने फोनच्या अगदी डाव्या कडेवर अंगठा टेकवला आणि ओढला, आणि ॲप मागच्या पानावर गेलं. तिला वाटलं आपलं चुकलं. परत केलं, परत मागे. तिसऱ्या वेळी तिने फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "मॅडम, मला नाही जमत." माझ्या पोटात कालवलं भाऊ. पोरगी बरोबर होती, चूक माझी होती, अँड्रॉइड १० पासून कडेवरून बोट ओढलं की मागे जायची सोय आहे आणि माझी लिहायची चौकट थेट कडेपर्यंत होती. घरी माझ्या फोनवर ती सोयच नव्हती म्हणून मला वर्षभर दिसलंच नाही. चौकट कडेपासून आत घेतली, काम झालं. आणि दुसरी मुलगी उन्हात बसलेली, माझा काळा स्क्रीन तिला दिसतच नव्हता, तिने हाताची सावली करून चेहरा फोनला लावला होता. आपल्याकडच्या मे महिन्यात काळ्यावर करडं अक्षर चालत नाही.

तर तुझे बारा गावातच आहेत. चोपड्यातली नाहीतर जळगावातली जपानी शिकणारी चार पोरं, तुझ्या पुण्याच्या बॅचचे तीन, बहीण, भाची, शेजारचा अकरावीतला, आणि एक असा माणूस घे ज्याला जपानी काय माहीतच नाही. बाराच्या जागी पंधरा घे, कोणी मध्येच निघालं तर १४ दिवस मोडायला नकोत. आणि शेजारी बसून बघ, समजावू नकोस, तोंड बंद ठेव. जिथे अंगठा थांबतो तिथे वहीत खूण कर.

कागदपत्रांचं भराभर सांगते. नोंदणी २५ डॉलर, एकदाच. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घे. आयफोनचं आत्ता डोक्यातून काढ, तिकडे दर वर्षाला ९९ डॉलर आणि मॅक लागतो. ॲपचं पॅकेज नाव नीट विचार करून दे, एकदा टाकल्यावर बदलता येत नाही. साइनिंगची चावी, म्हणजे ॲप तुझंच आहे हे पटवणारी फाइल, दोन जागी जपून ठेव. २०१७ ला माझा लॅपटॉप गेला, चावी त्यातच होती, आणि तेव्हा चावी गेली म्हणजे सगळं गेलं. नवीन नावाने ॲप टाकावं लागलं, जुने सगळे अभिप्राय गेले, लोक जुन्यावरच राहिले. आता मूळ चावी गूगलकडे राहते आणि तुझ्याकडची अपलोडची चावी हरवली तर बदलून मिळते, तरी जप. लॉगिन मागू नकोस, कोणाची माहिती गोळा करू नकोस, म्हणजे माहितीचा फॉर्म पाच मिनिटांत भरून होतो, पण प्रायव्हसी पॉलिसीचं पान तरीही लागतं. आणि दर वर्षी अँड्रॉइडच्या नवीन पातळीला ॲप जुळवून द्यावं लागतं नाहीतर नवीन फोनवाल्यांना ते दिसेनासं होतं, तेव्हा वर्षातले दोन-चार दिवस त्याला कायमचे दिलेस असं धर.

पैशाचं. हिरागाना, काताकाना आणि पहिल्या ८० कांजी कायम फुकट ठेव, जाहिरात न घालता. अक्षर गिरवताना मध्येच जाहिरात उघडली तर मन उडतं, आणि त्यातून तुला मिळणार काय, चहापाण्याचे. पुढे कांजींचे गठ्ठे जमले की त्यांना एकदाच भरायची किंमत लाव, एका चांगल्या शेवभाजीच्या ताटाएवढी. प्ले स्टोअरवर यूपीआय चालतं त्यामुळे पोरांना भरता येतं. गूगल वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंत १५ टक्के कापतं, तुझं-माझं सगळं त्यातच येतं. पण एक गोष्ट घरच्यांशी बोलून कर, वैयक्तिक खात्यावरून पैसे घ्यायला लागलास की तुझा पूर्ण पत्ता ॲपच्या पानावर सगळ्यांना दिसतो. घरचा पत्ता द्यायला वडिलांची हरकत आहे का ते आधीच विचार.

आणि वडिलांना काय सांगायचं. खरं तेच. ह्यातून घर चालणार नाही, निदान दोन-तीन वर्षं तरी नाही, म्हणून नोकरी सोडणार नाही, हे त्यांना स्वतःहून सांग, त्यांनी विचारायच्या आधी. तब्येत बरी नसलेल्या माणसाला पोराची काळजी दुप्पट वाटते. केळीवाल्याला समजावणं अवघड नाही रे, टिश्यूचं रोप लावल्यावर घड कापायला वर्ष जातं आणि मध्ये करपा, वारा सगळं बघावं लागतं हे त्यांनी आयुष्यभर केलंय. पण तुलनेने त्यांचं समाधान होईल असं धरू नकोस, त्यांना फोन दे. कांजीतलं 'शेत' दाखव, चौकोन आणि आत अधिक, बांध घातलेलं वावरच ते. मग 'झाड', दोन झाडं म्हणजे राई, तीन झाडं म्हणजे जंगल. 'नदी' म्हणजे तीन उभ्या रेघा, तापीच समज. बोटाने काढायला सांग. बाराजणांतलं जपानी माहीत नसलेलं ते माणूस तुझ्या घरातच आहे.

कामाला लागायचं असेल तर येत्या रविवारी फक्त एवढं कर: ८० च्या पुढच्या सगळ्या कांजी वेगळ्या फोल्डरमध्ये हलव, फॉन्ट बदल, चौकट कडेपासून आत घे, आणि बंद टेस्टची लिंक तयार कर. चौदा नावं तू शोध, पंधरावं माझं घाल, मेल आयडी तुझ्या पत्राच्या उत्तरात पाठवलाय. माझा फोन जुना आहे, अँड्रॉइड ९, तीन जीबी रॅम, स्क्रीनला वरच्या कोपऱ्यात तडा आहे, त्याच्यावर चाललं तर सातपुड्यातल्या धडगावला पण चालेल.